एटीव्हीचं सस्पेन्शन करकरतंय? शॉकअप मागवायच्या आधी हे करून बघा

मे संपला, पाहुणे घाट चढून गेले, की आमच्या दापोली तालुक्यात कर्दे-मुरुडच्या पट्ट्यात खळ्याखळ्यात एटीव्ही, म्हणजे जाड टायरांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाड्या, ताडपत्रीखाली उभ्या राहतात आणि सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच, गाडी लय करकरते. हल्ली नवीन मुलं बरीच आलीत यात, कुणी भाड्याने द्यायला सेकंडहँड दीडशे सीसीची घेतो, कुणी कलमांच्या बागेत आंब्याचे क्रेट ओढायला घेतो, आणि आवाज आला की पहिलं काम काय तर मोबाइल काढून शॉकअपची किंमत बघायची.

मीही तेच केलं होतं. पहिल्याच वर्षी पुढचे दोन्ही शॉकअप बदलले, पैसे गेले ते गेले, पार्सलची वाट बघण्यात आठ दिवस गाडी उभी, आणि नवे लावून खळ्यातून बाहेर काढली तर गडग्यापर्यंत पोचेतो तोच आवाज, कुईं कुईं खट्. शेवटी हर्णै बंदरात बोटींची इंजिनं बघणारे एक फिटर काका घरी आले होते चहाला, त्यांनी चहाचा कप एका हातात ठेवूनच दुसऱ्या हाताने गाडीचं नाक दोनदा दाबलं आणि म्हणाले, "अरे बाबा, शॉकअपला कशाला शिव्या घालतोस, तुझ्या बुशात पुळण भरलीय." पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू, आणि बुश म्हणजे जोडाच्या आत बसणारं गोल अस्तर. बोल्ट काढला तर आतली स्टीलची नळी एका बाजूने खाल्लेली, बोट फिरवलं की कळत होतं. ती नळी आणि दोन बुश एवढंच काम होतं. म्हणून हे लिहितोय.

आधी गाडीखाली काय असतं ते बघून घ्या. पुढच्या प्रत्येक चाकाला इंग्रजी ए अक्षरासारखे दिसणारे दोन आर्म असतात, वरचा आणि खालचा, लहान पोरांच्या गाड्यांत बरेचदा खालचा एकच असतो. आर्मचे दोन पाय चॅसीला बोल्टने धरलेले, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार आर्म आणि आठ जोड. प्रत्येक जोडात प्लास्टिकचा किंवा रबराचा बुश आणि त्याच्या आत स्टीलची नळी, तिला स्लीव्ह म्हणतात, आणि बोल्ट त्या स्लीव्हमधून जातो. आर्मच्या चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे गोळ्यावर सगळीकडे वळणारा जोड, हँडल फिरवलं की चाक वळवणारे दांडे म्हणजे टाय रॉड, त्यांच्याही टोकाला छोटे बॉल असतात. मागे स्वस्त गाड्यांत एकच स्विंगआर्म, म्हणजे वरखाली हलणारा मागचा आर्म, आरपार एक्सल आणि चेन, चारही चाकांना ताकद जाणाऱ्या मोठ्या फोर बाय फोर गाड्यांत मागेही पुढच्यासारखेच आर्म, वर वळताना गाडी फार कलू न देणारा अँटी-रोल बार आणि त्याच्या छोट्या लिंका. शॉकअप या सगळ्यात फक्त एक भाग आहे, तो सगळ्यात चकचकीत असतो म्हणून बोलणी खातो.

आणि आपल्याकडे हे बुश लवकर का जातात? खारं पाणी स्लीव्हवर गंज चढवतं, गंज खरखरीत, त्यात पुळण शिरते, ती जुन्या ग्रीसमध्ये मिसळते आणि मग आत जे तयार होतं ते ग्रीस राहत नाही, ती व्हॉल्व्ह घासायची पेस्ट होते. गाडी जितकी चालते तितकं आत घासकाम चालू. घाटावर लाल धुळीत चालणारी गाडीसुद्धा करकरते, पण समुद्रावरच्या गाडीइतकं तिचं वाटोळं होत नाही.

तर आता कामाला लागूया.

गाडी आधी गोड्या पाण्याने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. गोड्या म्हणजे खरंच गोड्या, किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मेमध्ये मचूळ होतं, त्याने धुणं म्हणजे पुन्हा मीठच चोळणं. प्रेशर वॉशरचा पाइप बुशावर, बॉल जॉइंटच्या रबरावर किंवा चाकाच्या बेअरिंगवर धरू नका, सील उचलून पाणी आत ढकलतो तो.

मग टायरची हवा बघा. हसू नका, नवीन माणसाच्या गाडीत मला निम्म्या वेळा हेच सापडतं. एटीव्हीच्या टायरमध्ये साधारण ३ ते ७ पीएसआय हवा असते, नक्की आकडा टायरवर किंवा चाकाजवळच्या स्टिकरवर छापलेला असतो. पंक्चरवाला मोटरसायकलच्या सवयीने २५ मारून देतो, मग टायर दगड होतो, प्रत्येक खड्डा थेट आर्मवर आणि तुम्हाला वाटतं सस्पेन्शन संपलं. वर टायर फुटायची भीती वेगळी. साध्या गेजवर इतका कमी आकडा नीट दिसतच नाही, लो प्रेशरचं वेगळं गेज मिळतं ते एकदा घेऊनच ठेवा.

त्यानंतर गाडीवरचं सगळं सुटं सामान उतरवा, रॅक हलवून बघा, पुढचा बंपर, खालची स्किड प्लेट, बॅटरीचा पट्टा, सीटचं लॉक, प्लास्टिकच्या क्लिपा. खडखड आवाज असेल तर तो सस्पेन्शनचा नसण्याचीच शक्यता जास्त. माझ्या भाच्याने दोन दिवस बॉल जॉइंट बघितले आणि निघाला काय तर डिकीतला गोटी पाना.

आता आवाज नीट ऐकायचा. कुईकुई, जुन्या दाराच्या बिजागरीसारखा, हळू दाबलं तरी येणारा, हा कोरड्या बुशाचा. खट् किंवा ठक्, खड्ड्यात एकदाच आणि ब्रेक मारल्यावर एकदा, हा खेळ झालेल्या, म्हणजे ढिला पडलेल्या जोडाचा, म्हणजे बॉल जॉइंट, खाल्लेली स्लीव्ह किंवा शॉकअपच्या डोळ्यातला बुश. वळताना कटकट कटकट येत असेल आणि गाडी फोर बाय फोर असेल तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या एक्सलचा वळणारा जोड, त्याचं रबर फाटलंय का बघा. स्पीडबरोबर वाढणारी घूं चाकाच्या बेअरिंगची. आणि एक फसवा आवाज आहे, थ्रॉटल दिला-सोडला की मागून येणारा ठक्, तो सस्पेन्शनचा नाहीच, तो सैल चेनचा किंवा मागच्या हबच्या झिजलेल्या खाचांचा. मागच्या एक्सलचे मोठे नट सैल झाले तरी तोच, आणि स्वस्त गाड्यांत ते नट सैल होतात म्हणजे होतातच.

आवाज कुठून येतो ते शोधायला दोन माणसं लागतात. एकाने फूटरेस्टवर उभं राहून गाडी वरखाली हलवायची, हळू, नाचायचं नाही. दुसऱ्याने एकेका जोडावर हाताची बोटं टेकवायची. कानाला आवाज चॅसीभर फिरून कुठूनही आल्यासारखा वाटतो, बोटाला मात्र तो बरोबर लागतो, ज्या जोडात खट् होतो तिथे बोटाखाली टिचकी मारल्यासारखं जाणवतं. बोटं स्प्रिंगच्या वळ्यांत आणि आर्म-चॅसीच्या फटीत घालायची नाहीत, हे वेगळं सांगायला नको पण सांगतो, कारण वरचा माणूस तुमच्या बोटांकडे बघत नसतो. बोट पोचत नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोडावर आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर टेकवा.

कुईकुईसाठी त्याहून सोपी युक्ती आहे. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडा, पाणी भरा, आणि एका वेळी एकाच बुशावर थोडं पाणी मारून गाडी हलवा. ज्या बुशावर पाणी पडल्यावर आवाज पाच-दहा हेलकाव्यांपुरता गप्प होतो तो आपला चोर. आठही जोडांवर एकदम पाणी ओतलंत तर आवाज जाईल पण कळणार काहीच नाही, मग सगळं वाळेपर्यंत पडवीत बसा. सापडलेल्या जोडाला खडूने खूण करा, आणि पहिला सापडला म्हणून थांबू नका, बहुतेक वेळा दोन-तीन निघतात.

खट् शोधायचा तर चाकं उचलावी लागतात. जॅक पुळणीत लावायचा नाही, अंगणातल्या मऊ मातीतही नाही, सिमेंटची किंवा फरशीची जागा बघा, मागच्या चाकांना पुढेमागे अडण लावा. आणि आपल्याकडे ठोकळा म्हणून पटकन जांभ्याचा चिरा सरकवतात, तो नका वापरू. दिसतो दणकट पण कडेवर वजन आलं की कोपरा सुटतो आणि मोठी गाडी तीनशे किलोच्या आसपास असते. लाकडी ओंडका किंवा चांगला जॅक स्टँड घ्या, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालू नका.

चाक वर-खाली धरून हलवा, म्हणजे घड्याळातले १२ आणि ६. खेळ लागला तर बॉल जॉइंट, आर्मचा बुश नाहीतर चाकाचं बेअरिंग. आता दुसऱ्याला पुढचा ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. खेळ गेला किंवा बराच कमी झाला तर बेअरिंग, तसाच राहिला तर बॉल जॉइंट किंवा बुश. मग चाक ९ आणि ३ वर धरून हलवा, इथे खेळ असेल तर आधी टाय रॉडची टोकं बघा. आर्मसाठी छोटी पहार किंवा टॉमी घेऊन आर्म आणि चॅसीच्या मधे हलकेच तरफ द्या, नवीन बुश जरासा दबल्यासारखा वाटतो, गेलेला बुश टक् करून सरकतो.

शॉकअपची पाळी शेवटी. बाहेर तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली वाळू दिसली तर सील गेलंय. गाडी दाबून सोडली आणि ती एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर आतलं डॅम्पिंग, म्हणजे हेलकावे थांबवायची ताकद, संपलं. पण या दोन्हींपैकी काहीच नसेल आणि नुसता आवाज असेल तर शॉकअपच्या वरच्या-खालच्या डोळ्यातले छोटे बुश बघा, ते वेगळे मिळतात. स्प्रिंग कॉम्प्रेसर नसताना स्प्रिंग काढायची नाही, आणि गॅसचा शॉकअप घरी उघडायचाच नाही. यात हिरोगिरी केलेल्यांचे दात गेलेत.

आता दुरुस्ती. बुशाचं काम नवीन माणूस आरामात करू शकतो, फक्त घाई नको. बोल्ट खाऱ्या हवेने स्लीव्हमध्येच जाम झालेला असणार हे धरूनच चाला, त्यामुळे आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी गोटी पाना लावा, चपट्या पान्याने डोकं गोल करून बसाल. नट सुटला आणि बोल्ट हलत नसेल तर नट परत बोल्टच्या टोकाशी लेव्हल येईल इतका चढवा आणि मग त्यावर हातोडी मारा, मधे लाकडाचा तुकडा धरून. असं केलं की आटे खराब होत नाहीत. गॅसचा ब्लोअर लावून तापवायचा मोह होतो, पण प्लास्टिकचा बुश आणि रबराची सीलं जळतातच, वर पेट्रोलची टाकी हातभर अंतरावर असते, तेव्हा नकोच.

बोल्ट निघाला की स्लीव्ह बाहेर काढा, रॉकेलने धुवा आणि उजेडात धरून नख फिरवा. नुसता वरवर गंज असेल तर चारशे नंबरच्या पॉलिश पेपरने फिरवून साफ होते. नख कुठे अडलं, खाच लागली, की ती स्लीव्ह गेली, तिच्यावर नवा बुश घातलात तर महिन्यात तोही जाईल. बुश आणि स्लीव्ह जोडीनेच बदलायचे.

सुटे भाग मिळत नाहीत म्हणून आपल्याकडे लेथवाल्याकडून बनवून घेतात, चांगलं बनवतात ते, बोटीची कामं करून हात बसलेला असतो. फक्त एक माप त्याला बजावून सांगा. स्लीव्ह ही बुशांच्या बाहेरच्या तोंडांपेक्षा किंचित लांब असली पाहिजे, अर्धा मिलिमीटर का होईना. कारण बोल्ट आवळला की चॅसीच्या दोन पट्ट्या स्लीव्हला चिमटीत धरतात, स्लीव्ह स्थिर राहते आणि आर्म तिच्याभोवती फिरतो. स्लीव्ह आखूड झाली तर चिमटीत बुश सापडतो, आर्म ताठ होतो, आणि मग लोक काय करतात तर बोल्ट सैल ठेवतात, म्हणजे एक आवाज घालवून दुसरा आणला, आणि बोल्टचं भोक अंडाकृती झालं की चॅसीच वेल्डिंगला. जोड बसवल्यावर शॉकअप सुटा असताना आर्म हाताने वर उचलून सोडा, तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे.

ग्रीसचं म्हणाल तर साधं पिवळं ग्रीस खाऱ्या पाण्यात फार टिकत नाही. बंदरातल्या दुकानांत बोटीवाले वापरतात ते मरीन ग्रीस मिळतं, पाण्याने पटकन धुऊन न जाणारं, मी तेच वापरतो. बुश रबराचा असेल तर मात्र सिलिकॉन ग्रीस घ्या, पेट्रोलियमच्या ग्रीसने साधं रबर फुगतं आणि मऊ पडतं. काही गाड्यांत रबर आतल्या नळीला चिकटवूनच आलेलं असतं, तो फिरत नाही, पिळतो, त्याला ग्रीसची गरज नाही, आणि त्याचा बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचा आवळायचा, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. आणि डब्ल्यूडी-४० मारून आवाज बंद झाला म्हणून खूश होऊ नका, ते उरलंसुरलं ग्रीसही पातळ करून घालवतं, चार दिवसांनी दुप्पट करकर.

बोल्टच्या बाबतीत माझं एक ठाम मत आहे. गंजत नाही म्हणून लोक सस्पेन्शनला स्टेनलेसचे बोल्ट ठोकतात, बंदरात सहज मिळतात ना. नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ ग्रेडच्या स्टील बोल्टपेक्षा ताकदीला कमी असतो, आणि १०.९ पुढे तर खूपच. त्यात स्टेनलेसचे आटे आवळताना एकमेकांत चिकटून जाम होतात. रॅकला, प्लास्टिकला खुशाल लावा, आर्मला नको. जुन्या बोल्टच्या डोक्यावर जो आकडा आहे तोच आणा, मधल्या गुळगुळीत भागाला ग्रीस चोळून बसवा, आटे कोरडे ठेवा, नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, नवा घ्या. किती आवळायचं ते मॅन्युअलमध्ये असतं. ते नसेल तर ८.८ ग्रेडच्या १० एमएम बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर, पाईप घालून लोंबकळायचं नाही.

बॉल जॉइंट बदलणं हे पहिल्यांदा करताना कुणीतरी जाणता बाजूला असू द्या. खाचांचा नट असतो, त्यात स्प्लिट पिन. पिन प्रत्येक वेळी नवी, जुनी सरळ करून घालायची नाही, आणि खाच भोकासमोर येत नसेल तर नट पुढे आवळून खाच जुळवायची, मागे सैल करून नाही. जॉइंट आर्ममध्ये दाबून बसवलेला असेल तर प्रेस लागते, घरी हातोडीने तिरका बसतो, सरळ आर्म काढून गॅरेजला न्या. हा जॉइंट चालत्या गाडीत सुटला तर चाक हातात घेऊन बसण्याचा प्रसंग, त्यात पैसे वाचवू नका.

टाय रॉडला हात लावलाच असेल तर पुढच्या दोन चाकांमधलं अंतर टायरच्या पुढच्या आणि मागच्या कडेला टेपने मोजून घ्या, आधीचं लिहून ठेवलेलं असेल तर पुन्हा तेवढंच जुळवता येतं. अँटी-रोल बारच्या लिंका आणि रबरं स्वस्त असतात, गाडी उचललेलीच आहे तर बदलून टाका.

टेस्ट राइड घराच्या आवारात किंवा बागेतल्या वाटेवर घ्या. आपल्याकडे बहुतेक एटीव्हींना रोडचं पासिंग नसतं, त्यामुळे डांबरीवर नको. आणि किनाऱ्यावर तर अजिबात नको, निदान कासवांच्या दिवसांत. वेळास-आंजर्ल्याच्या पट्ट्यात हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले अंडी घालायला येतात, घरटं पुळणीत असतं, वरून दिसत नाही, चाक गेलं की संपलं.

पहिल्या राइडनंतर उघडलेला प्रत्येक बोल्ट परत एकदा बघायचा, बुश जरा बसतात. पुढे सीझनमध्ये समुद्रावरून आल्यावर दर वेळी गोडं पाणी आणि आठवड्यातून एकदा ग्रीस गन, निपलमधून, म्हणजे जोडावरच्या ग्रीस भरायच्या छोट्या तोंडातून, नवं ग्रीस मारलं की जोडाच्या कडेने आधी काळं, वाळूमिश्रित ग्रीस बाहेर येतं, स्वच्छ दिसेपर्यंत मारत राहायचं. ज्या जोडाला निपलच नाही त्याचा बोल्ट पावसाळ्यात एकदा काढून चोपडायचा, इलाज नाही. मी आणखी एक करतो, नट आवळून झाला की नटावरून चॅसीवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढतो. सकाळी गाडी बाहेर काढताना नुसतं वाकून बघायचं, रेघ तुटलेली दिसली की पाना घ्यायचा.